तुपाचा डाक्टर

खवणेकर डॉक्टर कुणाच्याही घरी गेले की आधी तूप मागत. खायला नाही, बघायला. गोठ्यातलं जनावर तपासून व्हायचं, हात धुऊन व्हायचे, आणि मग ओसरीच्या कडेला टेकून ते घरातल्या बाईला म्हणायचे, "तूप असेल तर जरा दाखवा बघू." बाई वाटी घेऊन आली की ती उन्हात धरायची, तिरकी करायची, करंगळीनं थेंब उचलून तळहातावर पसरायचा. "गाईचं?" असं विचारायचं आणि उत्तर यायच्या आधीच स्वतःच मान हलवायची. ते तूप त्यांनी कधी चाटलेलं मी पाहिलं नाही. वाटी परत करताना मात्र चेहऱ्यावर जेवून उठल्यासारखं समाधान असायचं.

उमरखेड तालुक्यात त्यांना खवणेकर म्हणून कुणी ओळखत नव्हतं. ते 'तुपाचा डाक्टर' होते.

मी तेव्हा विकास गटात ग्रामसेविका होते. माझं माहेर नेरचं. नोकरीसाठी यवतमाळ जिल्ह्याच्या या टोकाला आले होते आणि पैनगंगेच्या अंगाची गावं पायाखाली घालत होते. महिला मंडळं भरवायची, बाळंतिणींच्या घरी जायचं, लेकरांची वजनं करायची, असं माझं काम. डॉक्टरांचं काम गुरांचं. पण गुरं आणि लेकरं एकाच अंगणात असायची, त्यामुळे आमची वाट बरेचदा एकच पडायची.

ते समुद्राकाठचे. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि तिकडची माणसं इकडे, इकडची तिकडे अशा बदल्या सुरू झाल्या, त्यात ते आमच्याकडे आले. उंच, जरासे वाकलेले, बारा महिने हातात छत्री. उन्हाळ्यात छत्री कशाला, असं कुणी म्हटलं की, "आमच्याकडे छत्री हा हाताचा भाग आहे," म्हणायचे. माणसांशी ते शाळेतल्या पुस्तकासारखं बोलायचे, पण जनावराच्या मानेवर हात ठेवला की थेट मालवणीवर यायचे. "रव गो बाय, रव. झाला, झाला." लाथा झाडणारी म्हैसदेखील कान पाडून उभी राहायची. "आमाले याची बोली कयत नाही, आन् म्हशीले बरी कयते," असं लोक म्हणायचे.

आल्या आल्या त्यांनी एका किराणा दुकानदाराच्या मागच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. दुकानदार शाकाहारी, सोवळ्यातला. महिनाभर सगळं गोडीगुलाबीत चाललं. मग एस.टी.च्या टपावरून एक पोतं आलं. गावाहून सासूबाईंनी पाठवलेली सुकट, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. आमच्याकडे तिला झिंगे म्हणतात आणि बाजारात ती मिळते, पण पोतंभर सुकट एका घरात कुणी पाहिली नव्हती. डॉक्टरांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, तवा तापवला, मूठभर टाकली, आणि दुकानातली गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघायला लागली.

दुकानदार नाकाला उपरणं लावून मागच्या दारी आला. डॉक्टरांनी त्याला हाताला धरून आत नेलं, पाटावर बसवलं आणि ओंजळभर सुकट त्याच्यासमोर धरली. "शेटजी, वास सोडा. रंग बघा. हा लाल कुठून आला? समुद्रातल्या शेवाळातून. ते खाल्लं या जिवानं. आता याला खाणार मासा. माशाला खाणार मोठा मासा. रंग पुढे पुढे जातो. कुठे साठतो, कुठे मोडतो, कुठे नाहीसा होतो, हे कळलं ना, तर अर्ध्या दुनियेचे डोळे वाचतील." दुकानदार बिचारा भांडायला आला होता ते विसरून ऐकत बसला. संध्याकाळी मात्र त्यानं खोल्या खाली करायला सांगितल्या. मग ते दोघं गुरांच्या दवाखान्याच्या आवारातल्या पडक्या क्वार्टरमध्ये राहायला गेले. तिथे विहीर होती, लिंबाचं झाड होतं आणि वासाची तक्रार करायला फक्त आजारी बैल होते.

तुपाचं कोडं त्यांनी मला त्याच आवारात समजावून सांगितलं. गाय हिरवा चारा खाते. त्या हिरव्यात एक पिवळा रंग लपलेला असतो. गाय त्यातला थोडा मोडते, आणि त्याचं अ जीवनसत्त्व होतं, डोळ्याला लागतं ते. बाकीचा रंग ती तसाच चरबीत ठेवून देते, म्हणून गाईचं तूप पिवळं. म्हैस तोच चारा खाते, पण रंग जवळजवळ सगळा मोडून टाकते. तिचं तूप पांढरं, आणि तरीही त्यात जीवनसत्त्व असतंच. शेळीचंही तसंच. "माणूस दोन्हीच्या मधला," ते म्हणाले. "मोडतोही आणि साठवतोही. आणि सगळ्यांची कोठी एकच. यकृत. तुमची ती कलेजी."

उन्हाळ्यात हिरवं संपलं की आधी कोठीतलं संपतं, मग डोळा जातो. जनावराचा आणि माणसाचाही. हे सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा.

त्यांना लोकांपर्यंत हे पोचवायचं होतं, पण पोचवायची हातोटी नव्हती. एकदा मी त्यांना महिला मंडळात बोलायला बोलावलं. त्यांनी सुरुवातच केली ती, "लेकरांना मोरीचं तेल पाजा," अशी. बायका चरकल्या. त्यांच्या गावाकडे मोरी म्हणजे एक दांडगा मासा. त्याचं यकृत कढईत उकळून तेल काढतात, आणि रातांधळ्या लेकराला त्याचे चार थेंब पुरतात. आमच्याकडे मोरी म्हणजे आंघोळीचं पाणी जातं ती. मागे बसलेली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "मोरीतलं तेल काहून पाजावं बाप्पा लेकराले? घरचे खोबरेलाले का आग लागली?" सगळं मंडळ पदर तोंडाला लावून हसायला लागलं. डॉक्टरांना काय झालं तेच कळेना. कळलं तेव्हा तेही इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. पण त्या दिवशी पुढचं कुणी ऐकलं नाही.

त्यांच्या डोक्यात हे वेड कुठून शिरलं ते मी एकदा विचारलं होतं. पंचायतीच्या ओट्यावर आम्ही बैलगाडीची वाट बघत बसलो होतो.

"देवमाशामुळे," ते म्हणाले.

ते शाळेत जायच्या वयाचे असताना त्यांच्या गावच्या किनाऱ्याला देवमासा लागला. मेलेला. गावाएवढा लांब, असं त्यांना तेव्हा वाटलं. दुसऱ्या दिवशी वास सुटला तेव्हा कोळ्यांनी कोयते घेऊन त्याला फोडला. पोटातून लाल चिखल बाहेर पडला. सगळी बारीक कोळंबी, अर्धी जिरलेली, वाळू लाल करून टाकणारी. आणि चरबी? कापसासारखी पांढरी.

"मी आज्याला विचारलं, ह्यानं जन्मभर लाल खाल्लं, मग हा आतून पांढरा कसा? लाल गेलं कुठे? आजा म्हणाला, घरी चल, आई मारील." ते हसले. "पुढे शिकताना कळलं, देवमाशाच्या यकृतात जीवनसत्त्व ठासून भरलेलं असतं. आणि देवमासा हा मासा नव्हेच. तो आपल्यातला. पिल्लू घालतो, दूध पाजतो. तुमच्या गाई-म्हशींचा समुद्रातला भाऊबंद. मग मला सांगा, तो लाल मोडूनच ते करत असणार ना? दुसरं खातोच काय तो?"

मला त्यात न पटण्यासारखं काही वाटलं नाही. त्यांनाही वाटत नव्हतं.

मग तो वाईट उन्हाळा आला. आदल्या वर्षी पाऊस लवकर गेला होता. होळीच्या आतच शिवारात हिरवं असं काही उरलं नाही. गुरांपुढे कडबा आणि कुटार, म्हणजे भुसा. गाभण गाई व्याल्या, आणि काही वासरं आंधळी जन्मली. डॉक्टरांना रोज कुठून तरी बोलावणं यायचं. ते जायचे, वासराच्या डोळ्यापुढे हात हलवायचे, आणि त्याच्या आईच्या पाठीवरून हात फिरवत उभे राहायचे.

असंच एक बोलावणं एका तांड्यावरून आलं. तिथली माणसं बंजारा. त्यांचे आजे-पणजे बैलांवर मीठ लादून मुलूख फिरायचे. आता तांड्याभोवती त्यांची कोरडवाहू शेतं होती. मला त्याच तांड्यावर विहिरीत औषध टाकायचं होतं म्हणून आम्ही बरोबर गेलो. जमनीबाईची गाय व्याली होती. वासरू उभं राहत होतं, पण गाईच्या कासेपर्यंत त्याला पोचता येत नव्हतं. डॉक्टरांनी त्याला धरून लावून दिलं. तोवर दिवस कलला.

जमनीबाईला एक मुलगी होती, सोनी. आठ-नऊ वर्षांची असेल. आईनं तिला दावं आणायला पाठवलं. अंगणात मधोमध बाज टाकलेली होती. सोनी चालत आली ती सरळ बाजेवर आदळली, पडली, आणि न रडता उठून हातांनी चाचपत पुढे गेली.

डॉक्टर बोलता बोलता थांबले. त्यांनी जवळचा पितळी लोटा उचलला. "सोनी, हा घे बाळ." तिनं हात पुढे केला. लोट्यापासून वीतभर लांब.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"संक्रांतीपासून असनं," जमनी म्हणाली. "दिवसा सगयं दिसते तिले. सांज झाली का कोंबडीवानी होते."

त्यांनी सोनीला उंबऱ्याशी उजेडात बसवलं, पापणी वर केली, आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बकऱ्याची कलेजी द्या हिला. थोडी शेकून. आठवड्यातून दोनदा तरी."

"खात नाही जी. पोयाच्या टायमाले आनली होती. जबरीनं देल्ली तं ओकली, आन् मंग दिवसभर भाकर बी शिवली नाही."

मोरीच्या तेलाचं त्यांनी नावही काढलं नाही. माणसांच्या दवाखान्यातली बाटली केव्हाच संपली होती. गुरांच्या दवाखान्यात जुना डबा होता, पण तो खवट होऊन त्यातला जीव गेलेला होता. नवा माल येणार येणार असं ऐकत होतो. पालेभाजी म्हणावी तर जमनीनं नुसतंच शिवाराकडे हात केला.

मग तिनंच विचारलं, "झिंगे चालतीन काय, डाक्टर? झिंगे लय आवडते तिले. बाजारातून आनले का कोरडेच खाते."

 डॉक्टरांना देवमाशाच्या पोटातला तो लाल चिखल आठवत होता, ते मला दिसत होतं. मग त्यांचा चेहरा उजळला.

"चालेल," ते म्हणाले. "रोज द्या. मूठभर. टरफलासकट."

परतीच्या वाटेवर ते इतके भरभर चालत होते की मला धावावं लागलं. "बाई, विचार करा. प्रत्येक बाजारात मिळतं. वर्षभर टिकतं. कुणालाही परवडतं. लेकरं आवडीनं खातात. देवानं पांढऱ्या तुपाची सोय समुद्रातून करून ठेवलीय आणि आपण हिरव्याची वाट बघत बसलोय!" मग जरा थांबले. "पण सगळ्या तालुक्याला सांगायचं तर आधी दाखवायला पाहिजे. नुसतं माझ्या म्हणण्यावर कोण विश्वास ठेवणार?"

त्यांनी दोन वासरं आणली, दोन्ही संध्याकाळी ठेचकाळणारी. लिंबाच्या दोन बाजूंना बांधली. एकाला पेजेतून सुकटीची पूड. दुसऱ्याला चवळीचा पाला. विहिरीच्या सांडपाण्यावर त्यांनी चवळीचा एक वाफा जगवला होता. उमरखेडात त्या दिवसांत खाण्याजोगं दुसरं हिरवं मला आठवत नाही. अंधारून आलं की आवाराच्या मधोमध बाज टाकायची आणि एकेक वासरू सोडायचं. पलीकडे त्याची आई बांधलेली असायची. वासरू बाज चुकवून आईकडे जातं का, ते बघायचं.

वहिनींना हे सगळं फारसं पसंत नव्हतं. "माझ्या आवशीन धाडलेली सुकट वासरांका घालतत," असं मला सांगायच्या, आणि स्वतःच पाट्यावर ती वाटून द्यायच्या.

आधी काहीच फरक पडला नाही. मग एके संध्याकाळी चवळीचं वासरू बाजेपाशी आलं, थबकलं, वळसा घालून आईकडे गेलं. डॉक्टर टाळी वाजवणार होते, पण वासरू बुजेल म्हणून हात तसेच धरून राहिले. "आता हे बघा," म्हणून त्यांनी दुसरं सोडलं. ते सरळ बाजेवर गेलं. गुडघ्यावर पडलं.

"त्याला वेळ लागेल," डॉक्टर म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मी गेले तेव्हा चवळीचं वासरू आवारात उड्या मारत होतं. दुसरं खाली मान घालून उभं होतं. डॉक्टर त्याच्यासमोर उकिडवे बसले होते. ऊन होतं, छत्री बाजूला पडली होती. वासराच्या डोळ्यावर दुधाची साय धरावी तसं काहीतरी आलं होतं.

"बाई," त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "हे लाल ह्याला लागत नाही. शेणात दिसतंय. आलं तसं जातंय." मग म्हणाले, "देवमाशाला ते दुसऱ्याच कशातून मिळत असणार. त्या कोळंबीतच कुठेतरी आधीपासून तयार असेल, रंगात नव्हे. मी नुसत्या रंगावर गेलो."

मला अजून सगळं लक्षात आलं नव्हतं. ते उठले आणि विहिरीकडे गेले. दोन्ही हातांनी चवळीचा वाफा उपटायला लागले. मुळांसकट, मातीसकट. सगळं धोतराच्या फडक्यात बांधलं आणि म्हणाले, "तांड्यावर जायचंय. आत्ता."

ऐन दुपारी आम्ही निघालो.  वाटेत ते एकदाच म्हणाले, "हिरवं माझ्या विहिरीवर होतं. मी ते वासराला घातलं."

तांड्यावर जमनी दारातच भेटली. डॉक्टरांना बघून तिला बरं वाटलं असावं. ती आत गेली आणि एक कटोरा घेऊन आली. त्यात कुटलेली सुकट होती.

"एक बी दिवस खाडा नाही केला, डाक्टर," ती म्हणाली. "मंधात गोवर आला तिले. लय ताप होता. काई खाये ना. मंग म्या झिंगे कुटून पान्यात कालवून पाजले. तुमी सांगतलं होतं ना रोज द्या. ताप उतरला, पन डोये काई उघडत नाही पोरगी."

सोनी आत भिंतीकडे तोंड करून पडली होती. डोळ्यांवर ओलं फडकं. डॉक्टर तिच्याजवळ बसले, पण फडक्याला हात लावायला त्यांना वेळ लागला. मी मागे उभी होते. त्यांनी फडकं उचललं, आणि मला त्यांची पाठ दिसत होती ती एकदम लहान झाली.

डाव्या डोळ्यात बुबुळ म्हणून काही उरलं नव्हतं. उजवा धुरकट होता.

"बाय," ते म्हणाले.  नेहमी ते जनावराला म्हणायचे तसं, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं आम्ही तिला यवतमाळला नेलं. पुसदला गाडी बदलली. डॉक्टरांनी तिला खांद्यावर घेतलं होतं. जमनी हात पुढे करायची, पण ते देत नव्हते. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर थकलेले होते, वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला तेल पाजलं, डोळ्यांत औषध घातलं आणि आम्हाला बाहेर व्हरांड्यात नेऊन म्हणाले, "डावा गेला. उजव्याचं बघू. थोडं आधी आणायला हवं होतं. काय देत होतात?"

"सुकट," खवणेकर डॉक्टर म्हणाले. "मी सांगितली होती."

"सुकट वाईट नाही. पण याला तिचा उपयोग नसतो."

"आता माहीत आहे मला," ते म्हणाले.

ते गेल्यावर खवणेकर डॉक्टर जमनीसमोर उभे राहिले. ती भिंतीला टेकून खाली बसली होती. तेही खाली बसले. "जमनीबाई, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. तुम्ही विचारलंत, आणि मी चालेल म्हणालो. ते चालणार नव्हतं. मला ते नक्की ठाऊक नव्हतं, तरी म्हणालो."

जमनी त्यांच्याकडे बघत राहिली. ती ओरडेल, त्यांना काही बोलेल, असं मला वाटलं. त्यांना तर तेच हवं होतं, असं वाटलं. पण तिनं विचारलं ते दुसरंच.

"मंग ते पोरीच्या पोटात जाऊन होते काय त्याचं?"

"काही नाही होत. बाहेर पडतं."

"काईच नाही?"

"पोट भरतं थोडं. डोळ्यासाठी काहीच नाही."

"लय आवडीनं खाये," जमनी म्हणाली, आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

उजव्या डोळ्याला उजेड तेवढा राहिला. दार उघडं की बंद ते तिला कळायचं. समोर कुणी आलं तर सावली कळायची. कोण ते कळायचं नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात सरकारी खोक्यातून मोरीच्या तेलाच्या बाटल्या आल्या. डॉक्टरांनी त्या माणसांच्या दवाखान्यातून मागून घेतल्या आणि मी त्या गावोगाव नेल्या. पुष्कळ लेकरांना संध्याकाळचं दिसायला लागलं. एका आईनं दवाखान्यात येऊन त्यांच्या पायावर डोकं ठेवलं, तेव्हा ते दचकून मागे सरकले आणि आत निघून गेले. मी त्यांना म्हटलं, "डॉक्टर, एवढी लेकरं तुमच्यामुळे वाचली." ते म्हणाले, "तेलामुळे वाचली, बाई. माझ्यामुळे काय झालं ते तांड्यावर आहे."

बाजाराच्या दिवशी ते न चुकता तांड्यावर जायचे. पानात गुंडाळलेली कलेजी घेऊन जायचे. जमनी ती वाटून भाकरीच्या पिठात घालायची आणि सोनी आता ती खायची. डॉक्टर ओसरीवर बसायचे, चहा प्यायचे, गुरं बघायचे. तांड्यातल्या कुणीही त्यांना कधी एक शब्द लावला नाही. उलट कुणाचं वासरू अडलं, कुणाची म्हैस फुगली, की आधी त्यांनाच हाक जायची. एकदा परत येताना ते मला म्हणाले, "कुणीतरी शिव्या द्यायला पाहिजेत हो. हे लोक मला गूळ घालून चहा देतात."

तूप मागणं त्यांनी सोडलं होतं. सवयीनं एखादी बाई वाटी घेऊन बाहेर यायची. ते पाण्याचा पेला उचलायचे, घोटभर प्यायचे आणि निघायचे. समुद्राचं तर नावही काढायचे नाहीत. वहिनी म्हणायच्या, "पयलां मी गप बसा म्हटलां तरी बोलत रवायचे. आता घरात माणूस आसा की नाय तां इचारूचां लागता."

मग त्यांची बदली झाली. रत्नागिरीकडे, अगदी त्यांच्या मुलखात. ही बदली मिळावी म्हणून त्यांनी किती वर्षं वाट पाहिली होती ते मला माहीत होतं. वहिनींनी दोन दिवसांत सामान बांधलं. त्या आनंदानं गात होत्या आणि मधेच नवऱ्याकडे बघून गप्प होत होत्या.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ते माझ्या ऑफिसात आले. "तांड्यावर येता का?" म्हणाले. "एकट्यानं जाववत नाही."

आम्ही जमनीला भेटलो. डॉक्टरांनी बदलीचं सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. आपल्या मानसांत जासान." सोनी घरात नव्हती. गुरांमागे गेली होती म्हणे. डॉक्टरांनी तिची वाट बघितली नाही. मला वाटलं, त्यांना ते नकोच होतं.

तांडा मागे पडला आणि गाडीवाट सुरू झाली. दोन्ही बाजूंनी बाभळी. ऊन उतरलं होतं. समोरून धूळ उडाली आणि गुरं यायला लागली, आधी शेळ्या, मग गाई. मी कडेला झाले. सगळ्यांच्या शेवटी एक म्हैस संथपणे येत होती, आणि तिच्या शेपटाला धरून सोनी. शेपूट ढिलं धरलेलं, सवयीचं. म्हैस जिकडे वळेल तिकडे ती वळत होती, म्हैस खड्डा चुकवेल तेव्हा तीही चुकवत होती. काहीतरी गुणगुणत होती.

डॉक्टर कडेला सरकायचे राहून गेले. वाटेच्या मधोमधच उभे राहिले. म्हैस त्यांच्यासमोर येऊन थांबली. नाक पुढे करून तिनं त्यांचा हात हुंगला. सोनीचं गुणगुणणं थांबलं. तिनं मान एका बाजूला कलती केली.

"कुण छ?" तिनं विचारलं. कोण आहे?

डॉक्टर बोलले नाहीत. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. नको.

"कुण छ?" तिनं पुन्हा विचारलं. आवाजात भीती नव्हती. वाटेत कुणी उभं आहे एवढंच तिला कळलं होतं, आणि तो कोण एवढंच तिला हवं होतं.

डॉक्टरांनी मागे पाऊल टाकलं, मग आणखी एक, आणि वाट सोडून बाभळीच्या काट्यांत जाऊन उभे राहिले. फांदीला अडकून त्यांची टोपी वर राहिली. त्यांनी ती काढली नाही. वाट मोकळी झाली तशी म्हैस चालायला लागली, शेपटाला ओढ बसली आणि सोनी तिच्यामागून निघाली. आमच्याजवळून जाताना तिनं मोकळा हात कडेला लांब केला, कुणी आहे का ते बघायला. तिची बोटं डॉक्टरांच्या सदऱ्यापासून वीतभर अंतरावरून हवेतून पुढे गेली.

ते काट्यांत तसेच उभे होते, हात अंगालगत घट्ट धरून, श्वास रोखून. गुरांची धूळ पार खाली बसेपर्यंत.